दोन इंच कमी

दुकानात एक नियम होता आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाची कंबर मोजायची, टेपवरचा आकडा मनात ठेवायचा आणि त्यातून दोन इंच वजा करून मोठ्याने सांगायचा. टेपवर अडतीस आलं की थोरले मास्तर पडद्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणत, "कंबर छत्तीस." आरशासमोर उभं असलेलं गिऱ्हाईक सुखावून जरा ताठ होई. पडद्यामागे कापायच्या टेबलाशी उभे असलेले धाकटे मास्तर दातओठ खात वहीत अडतीस लिहीत.

थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ. दुकान दोघांचं, सूट आणि पँटी शिवायचं. थोरल्यांच्या हातात टेप आणि धाकट्यांच्या हातात कात्री, ही वाटणी तीस वर्षांपूर्वी झाली. त्याआधी धाकटेही पुढे उभे राहून मापं घेत. एकदा एक वकील पोट आत ओढून टेपपुढे उभे राहिले. धाकट्यांनी टेप लावला, वाट पाहिली आणि म्हणाले, "साहेब, श्वास सोडा. पँट घातल्यावर तुम्हाला श्वास लागणारच आहे, तो आत्ताच हिशेबात धरू." वकील जे गेले ते समोरच्या दुकानात जाऊन शिवून आले, आणि आपल्याबरोबर आणखी चार जणांना तिकडे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी दुकानाच्या मधोमध जाड तपकिरी पडदा लावला. धाकट्यांनी विचारलं, हा कशाला? थोरले म्हणाले, "तुझ्यासाठी."

तेव्हापासून धाकटे पडद्यामागे. गिऱ्हाईक दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. आणि ऐकून ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाठीला पोक असलेला माणूस आला की थोरले म्हणत, "साहेबांची उभं राहायची ढब काय ऐटबाज आहे." यातून धाकट्यांनी समजायचं की पाठ अर्धा इंच लांब कापायची. "खांदे कसे भरदार" म्हटलं की खांद्यात कापूस जास्त. सगळं गोड गोड पुढे, आणि त्या गोडाचं ओझं मागे कात्रीवर.

यावरून दोघांचं रोज वाजे. धाकट्यांचं म्हणणं सरळ होतं. कौतुक वेगळं आणि खुशामत वेगळी. कौतुक करणारा माणसाकडे बघतो आणि खुशामत करणारा त्याच्या खिशाकडे, नाहीतर खुर्चीकडे बघतो.

"अरे, आरशासमोर उभा असलेला माणूस बिचारा असतो," थोरले म्हणत. "त्याला दोन शब्द बरे ऐकवले तर कोणाचं काय जातं?"

"खरं जातं."

"खरं तू वहीत लिहितोस ना? मग जातं कुठे?"

यावर धाकटे कात्री जोरात आपटत. बाजारात त्यांचं नाव फटकळ मास्तर पडलं होतं. त्यांना ते नाव आवडायचं. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणे, "अहो, तीस वर्षांत जेवण चांगलं झालंय असं एकदा तरी तोंडातून काढलंत?" हे म्हणत, "वाईट झालं नसेल तेव्हा गप्प बसतो की." बायकोने कपाळावर हात मारून घ्यायचा आणि कामाला लागायचं. आपण आयुष्यात कोणाचीही हांजी हांजी केली नाही, हा या माणसाचा एकुलता एक दागिना होता. तो त्यांनी इतका मिरवला, की जवळ जाऊन पारखायला कोणाला उसंतच दिली नाही.

थोरल्यांना एकच मुलगी. चार वर्षांपूर्वी जावई दुकानात आला आणि टेप शिकू लागला. थोरल्यांच्या खुशामतीत निदान कसब होतं. ते माणसात एक तरी खरी चांगली गोष्ट शोधत, मग ती फुगवत. जावईबापूंना तेवढा धीर नव्हता. ते येणाऱ्या प्रत्येकाला एकाच पिंपातलं तेल लावत. सासऱ्यांना तर दिवसभर. थोरले विनोद सांगू लागले की हा विनोद संपायच्या आत हसे. धाकटे पडद्यामागून ओरडत, "जावईबापू, शेवट ऐका आधी. रडायचाही असेल." जावई त्यावरही हसे. अशा माणसावर रागावायचं तरी कसं? पण धाकटे रोज नव्याने रागावत.

मग थोरले बारीक होऊ लागले.

हे पहिल्यांदा वहिनींना कळलं. एका दुपारी, दुकान जेवायला बंद असताना, त्या मागच्या दाराने आल्या. हातात पिशवी, पिशवीत थोरल्यांच्या तीन पँटी.

"भाऊजी, या जरा दीड इंच आत घ्या ना. सैल होतायत. दुकानात उभं राहायचं म्हणजे बरं दिसत नाही."

"दादाला सांगा ना, तो देईल."

"त्यांना नका सांगू. मन खट्टू होतं त्यांचं. परवा पट्ट्याला नवं भोक पाडलं तर दिवसभर बोलले नाहीत. तुम्ही गुपचूप करा, मी गुपचूप कपाटात लावते."

धाकट्यांनी पँटी ठेवून घेतल्या. मागची शिवण उसवली, दीड इंच आत घेतली, जास्तीचं कापड न कापता आतच ठेवलं, उद्या अंगाने भरला तर सोडता यावं म्हणून. बारीक टाक्याने, इस्त्री करून, कोणाला पत्ता लागणार नाही असं काम. काम बघून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थोरले पँट घालून आले. अगदी अंगाबरोबर बसली होती. जावई म्हणाला, "बाबा, तुमचं वय उलटं चाललंय की काय?" थोरल्यांनी आरशात बघितलं आणि हसले. मग ते सगळीकडे सुरू झालं. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, काय मास्तर, रहस्य काय? जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, सुटला होतात, आता कसे शिडशिडीत. व्यायाम करता का? थोरले म्हणत, "सकाळी थोडं चालतो." चालत ते फक्त घरापासून दुकानापर्यंत. पण लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते आपणहून आणखी एक फांदी वर गेले.

पडद्याला कडेला एक फट होती. तिच्यातून धाकट्यांना दिसे. गिऱ्हाईक गेलं की थोरले खुर्चीत बसत आणि बरगडीखाली, पोटाच्या वरच्या बाजूला, तळहात दाबून धरत. दाराची घंटा वाजली की हात काढून हसत उठत. डबा अर्धा परत जाई. "हलकं बरं वाटतं," असं ते जावयाला सांगत, आणि जावई म्हणे, "शिस्त आहे बाबा तुमची."

दोन महिन्यांनी वहिनी पुन्हा पिशवी घेऊन आल्या. या वेळी दोन इंच. धाकट्यांनी त्या दिवशी टेलिफोनवर बोलणाऱ्या जावयाला झापलं, दुकानात काजं-बटणं करणाऱ्या बाईंना झापलं, इस्त्रीला झापलं. पँटी मात्र आत घेतल्या. वहिनींना काही विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्यांनी तो प्रश्न गिळला.

तिसऱ्या वेळी आणखी अडीच इंच. आता नुसत्या मागच्या शिवणीवर भागेना. ती इतकी आत गेली की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटले. बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. मग धाकट्यांनी कमरेचा पट्टा पूर्ण उसवला, खिसे काढून पुन्हा बसवले, कडेच्या शिवणी नव्याने घातल्या. कंबर बत्तीस. वर्षानुवर्षं अडतीस कमरेचा भाऊ बत्तीसवर आला होता आणि हे खिसे सरळ करत बसले होते.  त्यांनी स्वतःला बजावलं की आता बस. काय वाटेल ते होवो, दादाच्या तोंडावर सांगायचं. डॉक्टरकडे फरफटत न्यायचं.

सांगायला सोमवार ठरवला. सोमवारी दुकानात एक बडा अधिकारी आला. मग गुरुवार ठरवला. गुरुवारी थोरले फार खुशीत होते, कापड व्यापाऱ्यांच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता. एवढ्या आनंदात विरजण कशाला, असं धाकट्यांना वाटलं. हो, फटकळ मास्तरांना असं वाटलं. बाकीच्यांना वाटलं असतं तर त्यांनी त्यांची सालटी काढली असती. असे सहा आठवडे गेले.

सत्कारासाठी थोरल्यांना नवा सूट शिवायचा ठरला. माप जावयाने घेतलं. धाकटे पडद्यामागे वही उघडून उभे. आज आकडा पुकारला की पडदा बाजूला सारायचा, दोन्ही हातांनी दादाचे खांदे धरायचे आणि बोलून टाकायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"कंबर चौतीस," जावई म्हणाला.

धाकट्यांचा हात थांबला. चौतीस म्हणजे, नियमाप्रमाणे, टेपवर छत्तीस. सहा आठवड्यांपूर्वी बत्तीस होती. म्हणजे दादा भरला. चार इंच भरला. सहा आठवड्यांत कोणी चार इंच भरत नाही हे पोटासाठी कपडे कापणाऱ्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. वहिनी डबा न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा जेवायला लागला का हो?" वहिनी पिशवीची गाठ सोडवत म्हणाल्या, "हो हो, चांगले जेवतात." झालं. एवढं यांना पुरलं. त्या दुपारी त्यांनी सूट कापला. वहीत छत्तीस लिहिलं, कापडावर छत्तीस आखलं आणि कित्येक महिन्यांनी गुणगुणत कात्री चालवली. काजं करणाऱ्या बाई चकित होऊन बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रायल. दुकान नुकतंच उघडलं होतं. थोरले कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आले ते एका हाताने पँट धरून. कोट खांद्यांवरून लोंबत होता. ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी कमरेचा पट्टा पुढे ओढला. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये त्यांचा दुसरा पंजा सहज मावला. वहिनी सूट बघायला मुद्दाम आल्या होत्या. त्या मागे सरकून खुर्चीवर बसल्या.

जावईच आधी बोलला. "काका, केवढी चूक केलीत. जाऊ द्या बाबा, वय झालं काकांचं. होतं असं."

धाकटे पडदा सारून पुढे आले. "किती सांगितलंस तू?"

"चौतीस."

"आणि टेपवर किती होतं?"

 जावई हळूच, जणू थोरले तिथे नाहीतच असं, म्हणाला, "बत्तीसच्या आत होतं. बाबांना ऐकून वाईट वाटलं असतं. म्हणून दोन वाढवून सांगितलं. मला वाटलं तुम्ही समजून घ्याल."

तेव्हा धाकट्यांच्या लक्षात सगळं आलं. लठ्ठ माणसाला खूश करायचं तर दोन कमी सांगायचे. आणि रोडक्याला खूश करायचं तर दोन जास्त. जावई शिकला होता, आणि पुढचा धडा त्याने आपल्या मनाने घेतला होता.

"काही नाही," थोरले आरशातूनच म्हणाले. आवाज खणखणीत ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "चुकतो माणूस. तीस वर्षांत एकदा चुकला. काय रे, चुकलास ना? म्हण, चुकलो म्हणून. सूट दुरुस्त होईल."

त्यांचे डोळे धाकट्यांना सांगत होते की हो म्हण. एक शब्द. चुकलो म्हटलं असतं तर सूट चार इंच आत गेला असता, मंडळात हार पडले असते, शिडशिडीत दिसता म्हणून टाळ्या झाल्या असत्या आणि आणखी दोन महिने निघून गेले असते. दोन महिने या माणसाजवळ आहेत की नाहीत हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. धाकट्यांना एवढंच कळत होतं, की आपण आता होकार दिला तर आपला भाऊ आपण मारला.

"मी चुकलो नाही," ते म्हणाले.

त्यांनी जावयाच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, भावाच्या कमरेभोवती, मग छातीभोवती लावला आणि वाचला. मग पडद्याकडे नाही, आरशाकडे तोंड करून, त्या दुकानात तीस वर्षांत कोणी सांगितला नसेल असा आकडा सांगितला.

"कंबर साडेएकतीस. ऐकलंस दादा? साडेएकतीस. अडतीस होती. छाती चाळीसची छत्तीस. हा व्यायाम नाही. तू चालत नाहीस, तू जेवत नाहीस, तू पोट दाबून बसतोस, मी रोज बघतो. तू वाळतोयस आणि ही सगळी मंडळी तुला हार घालायला निघालीत."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही आता बोलू नका. पाच महिन्यांत तुम्ही तीनदा पिशवी आणलीत. आणि जावईबापू, तू तर आकडासुद्धा खरा ठेवला नाहीस. निदान मागच्या माणसाला तरी खरं सांगायचं असतं, एवढाही नियम तुला कळला नाही."  "मेल्यावर तिरडीचं माप तरी खरं सांगाल का रे?"

थोरले वळले. इतका वेळ पांढरा पडलेला चेहरा लाल झाला होता. "तोंड सांभाळ. माझ्या दुकानात माझ्या माणसांना बोलतोस? जा मागे. पडद्यामागे जा."

धाकटे गेले नाहीत.  दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले, एकाच्या हातात टेप आणि एकाच्या हातात घसरणारी पँट. दाराशी एक गिऱ्हाईक आलं, आतलं बघून आल्या पावली परत गेलं. जावई बाबा, बाबा करत पाण्याचा पेला घेऊन आला. थोरल्यांनी तो ढकलून दिला.

मग ते खुर्चीवर बसले.  चुकचुकत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "शिकवलं मीच ना सगळ्यांना."  

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," थोरले म्हणाले. "तू चल. तू एकटाच आत चल. हे लोक डॉक्टरांनाही सांगतील की मी ठणठणीत आहे, आणि मी मान डोलवेन."

पण दुसऱ्या दिवशी सगळेच गेले. डॉक्टर बाई होत्या, वयाने लहान, बोलायला मोजक्या. त्यांनी थोरल्यांना झोपवून पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, आणि तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. चार तपासण्या लिहून दिल्या, त्याही आजच्या आज करायला सांगितल्या. मग पेन घेऊन विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"हल्लीच," वहिनी म्हणाल्या.

"महिना झाला असेल," जावई म्हणाला.

"पाच महिने आणि नऊ दिवस," धाकटे म्हणाले. "आधी दीड इंच. मग दोन महिन्यांनी दोन. त्यानंतर अडीच. काल अर्धा."

डॉक्टर बाईंनी मान वर केली. इतका नेमका हिशेब त्यांना बहुधा कोणी दिला नव्हता. त्यांनी सगळं लिहून घेतलं, लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि या वेळी त्यांचा आवाज चढला.

"इतकं सगळं तुम्हाला माहीत होतं? मग पाच महिने तुम्ही करत काय होता?"

वहिनी जावयाकडे बघू लागल्या. जावई जमिनीकडे बघू लागला. थोरले तपासायच्या टेबलावर उघड्या अंगाने बसले होते, ते भावाकडे बघत होते.

"मी त्याच्या पँटी आत घेत होतो," धाकटे मास्तर म्हणाले.